चांदीची दुसरी कूस

गोचीड निघाला तो नेमका तपासणीच्या दिवशी. बबिताबाईंच्या पदरावरून तो जो चालत निघाला, तो थेट विस्तार अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन थांबला, आणि अख्खा चौथीचा वर्ग "बाई, गोचीड! बाई, गोचीड!" असं आनंदानं ओरडू लागला. अधिकारी सज्जन होते. त्यांनी पेनाच्या टोपणानं त्याला बाजूला सारलं आणि "घरी जनावरं आहेत वाटतं," एवढंच म्हणाले. पण एखाद्या शिक्षिकेनं भागाकाराचा पाठ इतका सुंदर घ्यावा आणि तपासणीत लक्षात राहावा तो गोचीड, हे काही विसरता येण्यासारखं नव्हतं.

संध्याकाळी परभणीच्या घरात त्यांनी यजमानांपुढं चहा ठेवला. चहा ठेवण्याच्या आवाजावरूनच सिद्धोधनरावांना पुढचं कळलं.

"अहो, तुमच्या कपड्यांतून गोचीड घरात यायलेत. ती मेंढरं एक तर कातरून घ्या, न्हाईतर सोमवारच्या बाजारात विकून या. रविवारच्या रात्रीपर्यंत एक जरी मेंढी केसाची राहिली, तर सगळीच्या सगळी जातील. मी शेवटचं सांगायले."

सिद्धोधनराव एका सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक. शेवटचं स्मरणपत्र कशाला म्हणतात हे त्यांना चांगलं समजत होतं. त्यांनी मान हलवली आणि बशीत चहा ओतला, पण तो तिथंच निवत राहिला. कारण बबिताबाईंना जे ठाऊक नव्हतं ते असं होतं, की त्या नऊ मेंढ्या म्हणजे सिद्धोधनरावांची झोप होती.

गेल्या वर्षी त्यांची एकुलती एक साक्षी नोकरीला पुण्याला गेली आणि त्या दिवसापासून त्यांना घरात झोप येईना. पंखा फिरताना बघत पडून राहायचं. डॉक्टर म्हणाले, चाला. ते चालले. मग चालून आल्यावर पंखा बघू लागले. अशात एका रविवारी ते झरीजवळच्या आपल्या दीड एकरावर गेले. तिथं किशनराव धनगराची मेंढरं बसली होती. रवंथ करण्याचा तो बारीक, एकसारखा आवाज, उन्हात तापलेल्या लोकरीचा वास, मधूनच एखाद्या कोकराचं झोपेतलं बें. सिद्धोधनराव बांधाला टेकले ते उन्हं उतरल्यावरच उठले. पुढच्या महिन्यात त्यांनी किशनरावाकडून आठ मेंढ्या घेतल्या आणि कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी किशनरावानं आपणहून वर दिली; राखायचं काम त्याच्याकडंच राहिलं. तेव्हापासून दर शनिवार-रविवार नवरा शेतात राबतो असा बबिताबाईंचा समज होता. त्या डब्यात एक भाकरी जास्त बांधत. तो समज दूर करायचं धैर्य सिद्धोधनरावांना झालं नव्हतं.

तेव्हा मेंढ्या कातरल्या गेल्याच पाहिजेत. बातमी कॉलनीत पसरायला वेळ लागला नाही. आपल्याकडं आजाऱ्याला औषध आणि घर बांधणाऱ्याला सल्ला फुकट मिळतो. मेंढीवाल्याला दोन्ही मिळतं. शेजारचे परमेश्वर दाढीचं ट्रिमर घेऊन आले आणि "एका चार्जिंगला एक मेंढी आरामात," म्हणाले. त्यांच्या सौ. राजेश्रीवहिनींनी केस काढायचं एक मलम सुचवलं आणि ते थंडीत लावू नका असंही बजावलं. कोपऱ्यावरच्या नीलमताईंचं म्हणणं, कातरायचंच कशाला, मेंढ्यांना आवळ्याचं तेल लावून विंचरावं.

कुणीतरी सांगितलं, एका कचेरीत लोकर कातरायचं सरकारी मशीन आलेलं आहे. सिद्धोधनराव तिथंही गेले. मशीन होतं. पेटीत होतं, पेटीला प्लास्टिक होतं आणि प्लास्टिकवर धूळ होती.

"मिळेल का एका दिवसापुरतं?"

"मिळेल की. पण पेटी उघडावी लागंल," तिथले बाबू चिंतेनं म्हणाले. "उघडली की मशीन वापरात आली असं होतंय. वापरात आली की बिघडू शकते. आजपर्यंत एकदाही बिघडलेली नाही बघा."

सिद्धोधनराव स्वतः कचेरीतले असल्यामुळं त्यांना हा युक्तिवाद पटला. ते नमस्कार करून परत आले आणि किशनरावाकडं गेले, जे त्यांनी पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

किशनराव तयार होता. अडचण फक्त वाराची होती. "शनिवारी सोयऱ्यात लगीन हाय, साहेब. अन् रविवारी आमच्या घरात कातर चालत न्हाई. रविवार देवाचा."

"आणि बाकीचे सरकारचे," सिद्धोधनराव खिन्नपणे म्हणाले.

उरला शुक्रवार. त्यांनी साहेबांकडं रजा मागितली. साहेबांनी कारण विचारलं. सिद्धोधनरावांनी सांगितलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला; मेंढ्या काही त्यानं बदलल्या नाहीत.

"अहो, आजारी पडा ना. सगळे पडतात."

"मी धडधाकट आहे, साहेब."

"मग भाचीचं लग्न?"

"भाचीला दोन मुलं आहेत, साहेब."

खरं बोलणाऱ्या कर्मचाऱ्यापुढं वरिष्ठ हतबल होतात. साहेबांनी कपाळाला हात लावून रजा दिली, आणि जाता जाता थोडी लोकर आणायला सांगितली. त्यांच्या आईला गुडघ्याला बांधायला हवी होती.

शुक्रवारी सकाळी सिद्धोधनराव पांढऱ्या सदऱ्यात शेतावर हजर झाले. किशनराव "जयभीम साहेब" म्हणाला, हे "रामराम किशनराव" म्हणाले. दोघंही नेहमी असंच समोरच्याचं म्हणत आणि दोघांनाही त्यात बरं वाटे.

कातरण्याआधी मेंढरं धुवायची, हा पहिला नियम. ओढ्यात फाल्गुनातलं पाणी गुडघ्याएवढं, तळातले गोटे दिसावेत इतकं नितळ. मेंढ्या काठावर आल्या आणि थांबल्या. चांदी सगळ्यांत पुढं. ती पाण्याकडं असं बघत होती की जणू ते तिच्याच अंगावर कुणीतरी सांडलं आहे. नेतृत्व स्वतः पाण्यात उतरून करायचं असतं, असा विचार करून सिद्धोधनराव पँट दुमडून मध्यभागी जाऊन उभे राहिले आणि "या, या" म्हणू लागले. पाहुण्यांना पंगतीला बोलवावं तसं ते अगत्यानं बोलवत होते. एकही मेंढी हलली नाही.

किशनरावाची बायको पार्वतीबाई हे सगळं शांतपणे बघत होत्या. त्यांनी चांदीचं कोकरू काखेत मारलं आणि पलीकडं चालू लागली. कोकरू ओरडलं. चांदीनं उडी घेतली. चांदीनं घेतली म्हणून बाकीच्या आठांनीही घेतली. मधे काय आहे हे बघण्याची मेंढ्यांत पद्धत नाही. मधे सिद्धोधनराव होते. पाणी शांत झालं तेव्हा मेंढ्या भिजलेल्या होत्या आणि वरिष्ठ लिपिक ओढ्यात बसलेले होते.

"आता निघालं बरं अंग साफ," किशनराव म्हणाला. तो कुणाबद्दल बोलला ते कळलं नाही.

मग वाळवण. काढलेल्या हरभऱ्याच्या रानात मेंढ्या उन्हाला उभ्या राहिल्या आणि त्यांच्या अंगावरून बारीक वाफ निघू लागली. सदरा बाभळीवर वाळत घालून सिद्धोधनराव किशनरावाचं घोंगडं पांघरून बसले. ओली लोकर कातरली तर कातर अडते, म्हणून घाई करून उपयोग नव्हता. होल्यांचं घुमणं थांबत होतं, पुन्हा सुरू होत होतं. ऊन अंगावर चढत होतं. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज सुद्धा दुसऱ्या कुठल्या तरी जिल्ह्यातून आल्यासारखा येत होता. पार्वतीबाईंनी चूल पेटवली होती तिचा धूर सरळ न जाता मेंढ्यांमधून हिंडत होता, आणि सिद्धोधनरावांना वाटलं की आपण आत्ता काहीच करत नाही आहोत आणि तरीही काम चाललं आहे, ही किती सुखाची गोष्ट आहे. कचेरीत याच्या उलट असे.

कातरायची वेळ आली तेव्हा सिद्धोधनराव पाय बांधायला दोरी घेऊन आले. किशनरावानं ती बाजूला ठेवली.

"आमच्या घरात बांधत न्हाईत, साहेब. ज्याची मेंढी त्यानं मुंडकं मांडीवर घ्यायचं. बांधलं की मेंढरू सालभर धाक धरतंय. मांडीवर घेतलं की निजतंय."

आणि खरंच तसं झालं. पहिल्या मेंढीचं डोकं मांडीवर येताच तिनं एक सुस्कारा टाकला आणि सलूनच्या खुर्चीत गिऱ्हाइकाची होते तशी तिची मान सैल पडली. किशनरावाची मोठी कातर कच कच करत पाठीच्या कण्यापासून पोटाकडं सरकू लागली. वरून उन्हानं तांबूस झालेली लोकर आतून काळीभोर होती, आणि ती एका लांबलचक तुकड्यात अलगद सुटत होती. एक कूस झाली की मेंढी उलटवायची, मग दुसरी कूस. कातरलेली मेंढी उठून उभी राही तेव्हा एकदम बारकी आणि ओशाळलेली दिसे. तिला मग जाळीच्या कुंपणात सोडायचं. सरजाबाई नावाची पार्वतीबाईंची जाऊ लोकर झाडून पोत्यात भरत होती.

आठ झाल्या. चांदी शेवटची, कारण ती डोळ्यांपुढं असली की बाकीच्या गडबड करत नाहीत. तिची डावी कूस झाली आणि किशनराव कातरीला धार लावायला ओढ्यावरच्या दगडाकडं गेला. "कूस बदलायला आलोच," म्हणाला.

चांदीचं डोकं मांडीवर. जड, ऊबदार. तिचा श्वास गुडघ्यावर लागत होता. सिद्धोधनरावांनी डोळे मिटले ते फक्त ऊन लागतं म्हणून. मग त्यांना परभणीचं स्टेशन दिसलं. फलाटभर लोकर पसरली होती, घोट्याएवढी, आणि रेल्वे अजिबात आवाज न करता आली. दारात साक्षी उभी होती, लहानपणीच्या दोन वेण्या घालून. "बाबा, मी झोपले होते, तुम्ही उठवलंच नाही," ती म्हणाली, आणि ते "झोप, झोप अजून," म्हणत तिच्याकडं चालू लागले, पण लोकरीत पाऊल वाजेचना.

सिद्धोधनरावांच्या घोरण्याविषयी एवढंच सांगतो, की साक्षी दहावीला असताना परीक्षेचा महिनाभर त्यांना शेजारी परमेश्वरांच्या गच्चीवर झोपवलं होतं, आणि त्या महिन्यात परमेश्वर स्वतः सासुरवाडीला गेले होते. चांदीला त्याची सवय होती, पण दुरून. कानाशी जेव्हा तो आवाज फुटला तेव्हा ती ताडकन उठली, बांध ओलांडला आणि रस्त्याला लागली.

"साहेब, मेंढी कुठाय?" पार्वतीबाई विचारत होत्या.

"ही काय, इथंच."

"मांडी तर रिकामी हाय."

कुंपणाशी चांदीचं कोकरू ओरडत होतं. सूर्य कलायला लागला होता. बबिताबाई शाळा सुटल्यावर बघायला येणार होत्या. उद्या लग्न, परवा देवाचा वार, तेरवा बाजार. सिद्धोधनराव घोंगड्यासकट रस्त्याकडं धावले.

परभणीच्या दिशेनं जाताना रस्त्याच्या डाव्या हाताला दगडाबाईंचं चहाचं हॉटेल, उजव्या हाताला बन्सीधरचं पंक्चरचं दुकान.

"मावशी, एक मेंढी गेली का इकडून? अर्धी कातरलेली?"

"गेली की परभणीकडं. पर अर्धी न्हवती. पुरी कातरल्याली. लय गरीब दिसत व्हती."

समोरून बन्सीधर ओरडला, "कातरल्याली कुठं? चांगली गुबगुबीत, केसाळ मेंढी गेली. माझ्या डोळ्यानं बघितली."

"तुझे डोळे ट्यूबमधी!"

"अन् तुमचे किटलीत!"

सिद्धोधनरावांनी दोघांचं नीट ऐकून घेतलं. दोन साक्षीदार, दोन वर्णनं, म्हणजे मेंढ्या दोन. एक कातरलेली, एक केसाळ. आणि आपली अर्धी; म्हणजे ती या दोन्हींपैकी नव्हे. ते पुढं गेले. पुढंही तेच. डावीकडच्या प्रत्येकानं कातरलेली पाहिली होती आणि उजवीकडच्या प्रत्येकानं केसाळ. एव्हाना वाचकांना सगळं कळलं असेल. पण वाचक सावलीत बसले आहेत, सिद्धोधनराव उन्हात घोंगडं पांघरून होते.

एकानं सांगितलं, आतल्या गावात कोंडवाडा आहे, मोकाट जनावर तिथं नेतात. ते शेतातून आत गेले. कोंडवाड्याचा माणूस मोठा मनमिळाऊ होता. "मेंढी न्हाई, पण शेळी हाय एक. न्यायलाव का? कुणी इचारायलाच येईना तिला." शेळीनं आशेनं वर बघितलं. तिला नाही म्हणताना सिद्धोधनरावांना वाईट वाटलं.

परत हॉटेलपाशी आले तर तिथं वीस-पंचवीस माणसं जमलेली आणि दगडाबाई रस्त्यातच उभ्या.

"साहेब, आत्ता माघारी गेली बघा एक. पर ही केसाळ! म्हंजी दोन हायेत. कातरल्याली गेली अन् केसाळ आली."

"उलटं!" बन्सीधर पाना उगारून म्हणाला. "केसाळ गेली अन् कातरल्याली आली!"

दोन्ही बाजूंना आपापली माणसं होती. ऑटोवाले थांबून पक्ष निवडत होते. सिद्धोधनराव मैलाच्या दगडावर बसले आणि बोटांवर हिशेब करू लागले. जाणाऱ्या दोन, येणाऱ्या दोन, एकूण चार मेंढ्या, आणि त्यांच्यात आपली एकही नाही. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या मेंढ्या या रस्त्यावर हिंडत होत्या आणि ज्या एका मेंढीच्या श्वासावर आपल्याला झोप लागते तिला कुणीच पाहिलं नव्हतं. कुणीतरी चहा पुढं केला. तो न पिताच ते शेताकडं वळले.

शेतावर निराळाच कल्लोळ चालला होता. जाळीच्या आत आठ बारक्या, ओशाळलेल्या मेंढ्या आणि आत्ताच आत सोडलेली, त्यांच्यामधून धावणारी कोकरं. कोकरू आईजवळ जाई, तिच्याकडं बघे, दचके आणि ओरडत दुसरीकडं पळे. आया मागून हाका मारत होत्या.

"काय झालं यांना?"

"आय वळखू येईना झालीय," पार्वतीबाई म्हणाल्या. "वास घेतील, आवाज घेतील. सकाळपस्तोर पटती वळख. दर साली असंच."

आणि या सगळ्याच्या पलीकडं, बांधाशी, चांदी उभी होती. पान्हा दाटला तशी आपली आपण परत आली होती. तिच्या उजव्या, लोकरीच्या कुशीखाली तिचं कोकरू शेपटी हलवत पीत होतं. सगळ्या कळपात पोट भरत होतं ते एवढ्या एकाचंच. समोर शाळेची पिशवी मांडीवर घेऊन बबिताबाई बसल्या होत्या.

सिद्धोधनराव घोंगडं सावरत उभे राहिले. चांदीनं पाऊल टाकलं, कातरलेली बाजू कोकरापुढं आली. ते मागं सरलं. परक्या दारात आल्यासारखं त्यानं वर बघितलं आणि बें केलं. मग वळसा घालून लोकरीकडं आलं आणि पुन्हा लुचायला लागलं.

किशनराव कातर घेऊन आला. "धरा साहेब मुंडकं. एक कूस राहिलीय, हां हां म्हणता काढतो. मग बाईंचा शब्द बी राहील."

सिद्धोधनराव खाली बसले. त्यांनी हात पुढं केले, पण कोकराकडं बघून ते तसेच हवेत राहिले.

"थांबा, किशनराव," बबिताबाई म्हणाल्या. "राहू द्या ती कूस."

"मंग आता मंगळवारीच, बाई. उद्या लगीन, परवा..."

"ठाऊक आहे. मंगळवारी करा."

किशनरावानं खांदे उडवले आणि तो कातर गुंडाळायला गेला. सिद्धोधनरावांनी हात खाली घेतले. "पण सोमवारी बाजार," ते कसेबसे म्हणाले.

"सोमवारी मला शाळा आहे. तुम्हाला कचेरी. बाजाराला जायचं कुणी?"

बबिताबाई कोकराकडंच बघत होत्या. तशाच म्हणाल्या, "दिवाळीला साक्षी केस कापून आली होती, आठवतं? पार मानेपर्यंत. दार उघडलं अन् मी विचारलं, कोण पाहिजे? पोटच्या पोरीला. ती हसली, मीबी हसले. पण त्या रात्री मला डोळ्याला डोळा लागला न्हाई. अजूनबी लागत नाही."

इतके महिने एकाच पंख्याकडं दोघंजण बघत होते आणि दोघांनाही वाटत होतं की शेजारचा झोपला आहे. चालण्यानं त्यांचं घोरणं थांबलं, असंच बबिताबाई समजत होत्या. सिद्धोधनरावांना भडभडून आलं.

"मलाही घरी येत नाही," ते म्हणाले. "इथं येते. यांच्याजवळ."

बबिताबाईंनी मान वळवली. "म्हणजे शनिवार-रविवार तुमी इथं झोपताय होय?"

"थोडं कामही करतो."

"अन् मी एक भाकरी जास्तीची बांधते!"

त्या रागावणारच होत्या. पण उन्हं उतरली होती, लोकरीचं पोतं पाठीला ऊबदार लागत होतं, रवंथाचा आवाज सुरू झाला होता, आणि राग पुरता यायच्या आत त्यांची मान पोत्यावर कलली. सिद्धोधनरावांनी घोंगडं काढून त्यांच्या अंगावर घातलं. त्यांच्याही पापण्या जड झाल्या होत्या. पण त्यांनी ओढ्याचं पाणी डोळ्यांना लावलं, चांदीचं मुंडकं दोन्ही हातांत धरलं आणि तिची लोकरीची कूस कोकराकडं राहील अशी तिला उभी धरून ते जागे राहिले.